उरलेला डोंगर

वयाच्या चोविसाव्या वर्षी मी एका माणसावर डोंगर पेटवल्याचा आळ घेतला. पुरावा काय, तर त्याचे हात काळे होते. हे आठवलं की आधी मला हसू येतं, आणि हसून झालं की लाज वाटते. आजी जन्मापासूनच शहाणी आहे असा माझ्या नातीचा समज आहे. तो मी इतकी वर्षं तूप घालून वाढवला. पण आता ती चित्रकला शिकायला निघाली आहे, तेव्हा तिला खरं कळलेलं बरं.

तेव्हाची मी काय चीज होते, ते आधी सांगते. डिप्लोमा नुकता हातात पडला होता. मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर, टोकावड्याच्या अलीकडच्या एका शाळेत चित्रकलेच्या बाई म्हणून लागले होते. कपाळावर मुद्दाम ओढलेली एक बट. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यावर मीच भरलेला मोर, आणि पिशवीत मुंबईहून आणलेली कोळशाच्या कांड्यांची डबी. विलायती झाडाचा कोळसा, चित्रांसाठी खास. ती डबी मी वर्गात अशी उघडायची की मुलांना वाटावं आत दागिने आहेत. "चित्रकाराला हात नंतर लागतो, आधी नजर लागते," असं मी सातवीच्या मुलांना सांगत असे. पोरं बिचारी माना डोलवायची.

शिमग्याला पंधरा दिवस होते. संध्याकाळी शाळेमागच्या डोंगराला वणवा लागला. गवत वाळून कडकडीत झालेलं, वारा वरच्या अंगाचा. आम्ही सगळे मैदानात उभे राहून पाहत होतो. मी रडले, आणि मुलांना निसर्गावर चार वाक्यं ऐकवली. रात्रभर मला झोप लागली नाही असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं. खरं म्हणजे मी गाढ झोपले होते. पहाटे मात्र चित्रवही घेऊन पायथ्याशी गेले. जळक्या डोंगराचं दुःख कागदावर उतरवायचं होतं, आणि सकाळच्या उजेडात दुःख जास्त चांगलं दिसतं असं आम्हाला शिकवलेलं होतं.

तेवढ्यात वरून एक माणूस उतरताना दिसला. ताडासारखा उंच, अंगावर लंगोटी आणि खाकी सदरा, पाय अनवाणी. उजवी भुवई अर्धीच. हात कोपरापर्यंत काळे, पाठीवर गाठोडं. माझ्याकडे आणि माझ्या वहीकडे बघून तो तोंडभर हसला.

"काय गो बाय, तू पण आलीस बघायला?"

त्या 'तू'ने माझा मास्तरकीचा मान दुखावला, आणि त्या 'पण'ने मला घाबरवलं. जळलेलं बघायला हा येतो म्हणजे जाळणाराच हा. चित्रकाराची नजर!

नऊ वाजता जंगलखात्याचा गार्ड शाळेत विचारपूस करत आला. मी पुढे झाले.

"मी पाहिलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"काय पाहिलंत बाई?"

"तो डोंगरावरून उतरत होता. हात कोपरापर्यंत काळे. पाठीवर गाठोडं."

"आग लावताना पाहिलंत?"

"आता आणखी काय पाहायचं राहिलं?" मी म्हणाले.

गार्डने जबाब लिहिला. मी खाली सही केली. चित्राच्या कोपऱ्यात करतात तशी, शेवटच्या अक्षराला शेपूट काढून.

तो माणूस म्हणजे लहानू. त्या डोंगरावरच्या ठाकरवाडीतला. आईबापांनी नाव लहानू ठेवलं आणि हा वाढतच गेला. उन्हाळ्याचे चार महिने डोंगर राखायला खात्याने ज्याला ठेवला होता, तो हाच. राखणाऱ्यानेच लावली म्हटल्यावर साहेब भडकले. लहानूला दोन दिवस कचेरीत बसवून ठेवलं, गाठोडं जप्त केलं, काम काढून दुसऱ्याला दिलं, आणि पुन्हा वाडीच्या वर दिसलास तर बघ, अशी ताकीद देऊन सोडलं. हे सगळं ऐकून मला काय वाटलं? मला वाटलं, मी वन वाचवलं.

रविवारी मी मुरबाडला आईकडे गेले. सकाळभर ओट्यावर बसून त्या विलायती कांड्यांनी चित्र काढत होते आणि आईला पराक्रम सांगत होते. आई तांदूळ निवडत होती. मध्ये एकदाच तिने विचारलं, "तू बघितलंस त्याला लावताना?"

"अगं, त्याचे हात काळे होते."

तिने सुपातून मान वर केली, माझ्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाली, "आन तुझे कशाने झालेत?"

मी हात पाठीमागे लपवले. चोविसाव्या वर्षी.

"गावात कोणाचं कोंबडं हरवलं तरी पहिले आपल्या वस्तीत यायचे," आई म्हणाली. "तुझ्या आजोबांना दोनदा चावडीवर बसवलं होतं. काय बघितलं होतं कोणी? काय नाय. आपण धम्म घेतला, शिकलो, तू बाई झालीस. आता बोट दाखवणाऱ्यांत कधीपासून गेलो आपण?" एवढं बोलून ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. दुपारचं जेवण मला गेलं नाही. हे मात्र खरं सांगते.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी ठाकरवाडीत चढून गेले. माफी मागायला नारळ आणि साखर घेऊन गेले होते, जशी काही साखरपुड्याला निघाले आहे. लहानू अंगणात डोंगराकडे तोंड करून बसला होता. त्याने मला पाहिलं आणि पुन्हा डोंगराकडे तोंड वळवलं. त्याची बायको जाई दारात आली. माझ्या हातातला नारळ बघून म्हणाली, "आमच्यात मेलं नाय कोणी. ये आत."

आत गेले आणि तिथेच थांबले.

कुडाची भिंत, कारवीच्या काठ्यांवर शेणमातीचा लिंपा दिलेली. तिच्यावर खालपासून वाशापर्यंत डोंगर होता. जळलेला. रेघ म्हणून कुठे नव्हती. काळ्यावर काळा, त्याच्या आत आणखी काळा, मध्येच राखेचा पांढरा, कुठे भाजलेल्या मातीचा लाल. आणि पक्षी. किती ते मी मोजू शकले नाही. थोड्या वेळाने मला कळलं की पक्षी त्याने काढलेलेच नाहीत. त्यांच्या भोवतीचा डोंगर काढला आहे, आणि पक्ष्यांच्या जागी नुसता कूड राहू दिला आहे. कोतवालाची दुभंगलेली शेपटी, होल्याची मान, जळून उरलेल्या बुंध्याच्या ठूठावर बसलेला चास, सगळे न रंगवलेले. मी दोन वर्षं कॉलेजात जे शिकले होते ते सगळं त्या भिंतीसमोर माझ्या अंगावरून गळून पडलं आणि मी फक्त कपाळावरच्या बटेसह उरले.

भिंतीचा उजवा अर्धा भाग मात्र कोरा होता.

"हा?" मी विचारलं.

जाई म्हणाली, "काढलाय तो पौषात जळलेला, ह्या अंगाचा. उरलेला डोंगर कचेरीत पडलाय."

गाठोडं. त्या गाठोड्यात त्याने त्या पहाटे वेचलेले कोळसे होते, रंगांसाठी.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेले. साहेबांनी जबाब काढून समोर ठेवला. शेपटीसकट सही.

"बाई, ही सही तुमची. पाहिलंत की नाही पाहिलंत?"

"हात पाहिले. आग लावताना नाही पाहिलं."

"मग डोळ्यांनी पाहिलं असं का लिहून दिलंत?"

  मी दुसरा कागद लिहून दिला. त्याच्यावरची सही साधी केली. साहेब म्हणाले, काम आता दुसऱ्याला दिलंय, या साली ते बदलणार नाही, पुढच्या साली बघू; वाडीच्या वर जायची बंदी तेवढी उठवतो. मी गाठोडं मागितलं तेव्हा ते हसले. "कोळशासाठी आलात होय?" पुढच्या साली लहानूला काम परत मिळालं, पण ते एक साल माझ्या नावावर राहिलं ते राहिलंच.

गाठोडं मी माझ्या मोराच्या पिशवीतून वर नेलं. वाटेतच मोर काळा झाला.

लहानूने गाठोडं सोडलं. त्याने एकेका झाडाचा कोळसा वेगळ्या पानात गुंडाळलेला होता; कचेरीत कोणीतरी पानं उपसून सगळं एक केलं होतं. तो एकेक तुकडा उचलायचा, नाकाला लावायचा, नखाने ओरखडायचा, कधी दाताखाली धरायचा, आणि वेगळा ठेवायचा. तासभर हे चाललं. मी समोर बसून राहिले. माफीचं वाक्य तोंडात घोळवत होते, त्याची चव गेली तरी बाहेर येईना. शेवटी त्याने एक तुकडा माझ्यापुढे धरला.

"हा कशाचा?"

मी बघितलं, वास घेतला आणि म्हणाले, "काळा."

जाई इतकी हसली की तिला कुडाचा आधार घ्यावा लागला. पुढे कितीतरी वर्षं मी दिसले की ती लांबूनच ओरडायची, "काळाबाय आली गो!"

लहानूच्या तोंडून मी 'काळा' हा शब्द कधी ऐकला नाही. तो म्हणायचा ऐनाचा, कारवीचा, पळसाचा, कुड्याचा. ऐनाचा निळसर, जड. भिंतीवर लागला की तिथे सावली पडल्यासारखं वाटे. कारवीचा उदास, करडा, लगेच उडून जाणारा. बांबूचा चकाकतो. पळसाचा मऊ, तळहातावर विरघळणारा. हे कोळसे तो पाट्यावर वाटून धावड्याच्या डिंकात कालवायचा. पांढऱ्यासाठी राख आणि भाताची पेज, लालसाठी वारुळाची भाजलेली माती. ब्रश म्हणजे चावून मऊ केलेली काडी, नाहीतर बोट. जे जळलं त्यानेच जळलेलं काढायचं, बाहेरचं काही घ्यायचं नाही.

त्याच्या बोलीत 'अहो' नव्हतं. मला तू, साहेबांना तू, शाळा तपासायला आलेल्या अधिकाऱ्यांनाही तू. ते अधिकारी लाल झाले होते. लहानू त्यांना म्हणाला, "डोंगराला मी तू बोलतो. तू काय त्याच्याहून मोठा?" आणि हे तो खरंच विचारत होता, टोमणा म्हणून नाही. जळलेल्या जमिनीवर पाय टाकण्याआधी तो वाकून हाताची मागची बाजू तिला लावायचा, तापातल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. ताप उतरला नसेल तर तिथेच उकिडवा बसून राहायचा.

पुढच्या वर्षी वणवा लागला त्याच्या दुसऱ्या पहाटे जाईने मला उठवायला माणूस पाठवला. "तो बोलला, काळाबायला आण. वारं सुटायच्या आत."

वर गेले. उजाडत होतं. काळ्या उतारावर झाडं आडवी पडली होती. पांढरी. संपूर्ण झाडं, खोड, फांद्या, अगदी बारीक डहाळ्यासुद्धा, जमिनीवर कोणीतरी पिठाने काढावीत तशी. मी जवळ गेले तेव्हा कळलं की झाड तिथे नाहीच. वाळून पडलेलं झाड रात्रभर सावकाश जळत राहिलं, आणि जिथे जसं होतं तिथे तशी त्याची राख उरली. अशी आठ-दहा झाडं त्या उतारावर निजली होती. एका खोडावरून तित्तर चालत गेला होता. राखेत त्याची पावलं उमटली होती, मधे थांबलेली, वळलेली, पुन्हा पुढे गेलेली. लहानू हात मागे बांधून उभा होता. देवळात पुढे उभं राहावं, पण घंटेला हात लावायचा धीर होऊ नये, तसा.

मी पिशवीतून पेन्सिल काढेपर्यंत वारा सुटला. आधी डहाळ्या गेल्या, मग फांद्या. तित्तराची पावलं गेली. पाच मिनिटांत उतार साफ काळा झाला. माफ करा, ऐनाचा झाला.

"संपलं," मी म्हणाले.

"तू पेन्शील शोधत व्हतीस," लहानू म्हणाला. "मी बघत व्हतो. माझं नाय संपलं."

तेव्हा मला समजलं की त्या पहिल्या पहाटे तो वर कशाला गेला होता. आदल्या संध्याकाळभर हिरव्या फांद्यांनी आग झोडपून तो थकला होता, आणि तरी झाडांची ही पांढरी निजलेली अंगं वारा सुटायच्या आत बघायला परत चढला होता. 'तू पण आलीस बघायला' हे तो मला आपल्यातली समजून म्हणाला होता. मी त्याला मुद्दाम काहीच बोलले नाही, आणि तोही त्या प्रकरणावर एक अक्षर बोलला नाही. त्या दिवशी नाही, पुढे चाळीस वर्षं नाही.

अर्ध्या भुवईची गोष्ट मात्र सांगायला हवी. वणव्यापासून सगळं पळतं. ससे, सरडे, टोळ, साप. कोतवाल उलटा येतो. आगीच्या तोंडाशी उडणारे किडे टिपायला तो धुरात घुसतो, ज्वाळेच्या वरून गिरकी घेतो. एका साली जाळरेषेवर, म्हणजे आग अडवायला आधीच साफ केलेल्या पट्ट्यावर, लहानू फांदी घेऊन उभा होता आणि समोर कोतवाल आला. हा बघतच राहिला. आग फांदीवरून भुवईपर्यंत आली तेव्हा शुद्धीवर आला. ती भुवई परत कधी पुरती उगवली नाही. जाई म्हणायची, "ह्याला आग इझवायला ठेवलाय का कोतवाल बघायला, साहेबाला एकदा इचारून येते." लहानू शांतपणे म्हणायचा, "दोन्ही."

माझा मूर्खपणा त्या एका जबाबाने संपला असं समजू नका. शहाणपण मला हप्त्याहप्त्याने आलं. दोन वर्षांनी मी त्याच्यासाठी रंगांच्या ट्यूबा आणि जाड पांढरे कागद घेऊन गेले आणि म्हणाले, "लहानूदादा, त्रिकोणाची माणसं काढ. फेर धरलेली. शहरात लोकांना फार आवडतात."

त्याने जाईकडे बघितलं. जाईने माझ्याकडे. "ती वारली लोकांची, बाय. डहाणूकडची," ती म्हणाली. "आमी ठाकर. तुला एवढ्या सालात दिसलं नाय?"

लहानूने प्रत्येक ट्यूब उघडून वास घेतला. झाकणं नीट लावून परत दिली. "ह्यात झाड नाय कुठलं," म्हणाला. कागद मात्र त्याला फार आवडले. पुढे कितीतरी वर्षं त्याचे कोळसे त्या कागदांत गुंडाळलेले असायचे, एकेका झाडाचा वेगळा.

आणि टिटवी. वरच्या सपाटीवर वणवा होऊन गेला की ती माळावर अंडी घालते. घरटं नाही, काडी नाही. भाजलेल्या मातीत चार खडे सरकवून तिथेच. मी त्याच्या मागून चालले होते, बहुधा आकाशाविषयी काहीतरी बोलत. त्याने काठी आडवी माझ्या पोटरीवर मारली.

"थांब. तुझा पाय कोणाच्या घरात चाललाय."

मी एक पाय उचललेलाच ठेवून खाली बघितलं. खडे, राख, खडे. "कुठे?"

"बघ."

डोक्यावर टिटवी कर्कश ओरडत घिरट्या घालत होती. माझा पाय थरथरायला लागला. काही दिसेना. शेवटी, केवळ पाय खाली ठेवता यावा म्हणून, मी म्हणाले, "हां, दिसली."

"किती हायेत?"

"दोन."

लहानूने काठीच्या टोकाने, न लावता, दाखवलं. माझ्या टाचेपासून वीतभर अंतरावर चार अंडी. राखेच्या रंगाची, त्यांच्यावर जळक्या गवताएवढेच ठिपके. ती तिथे इतकी उघडी होती, आणि इतकी नव्हती, की मला एकदम भीती वाटली. एवढ्या मोठ्या काळ्या डोंगरात आणखी काय काय माझ्या डोळ्यांसमोर उघडं पडलेलं असेल आणि मी 'दिसलं' म्हणत चालले असेन?  लहानूने फक्त माझ्याकडे बघितलं. ती नजर मला कचेरीतल्या साहेबांच्या प्रश्नापेक्षा जास्त लागली.

लग्नानंतर मी शहापूरला आले. दर वर्षी एकदा लहानू एसटी बदलत बदलत आमच्याकडे यायचा, कारण त्याला तानसाकडचं रान बघायचं असे. तिथे दिवसाउजेडी बसणारा एक पिंगळा आहे असं त्याने ऐकलं होतं. तिसऱ्या वर्षी तो त्याला दिसला, अर्ध्या जळलेल्या सागाच्या ठूठावर, भर सकाळी. त्या दिवशी तो घरी आला तो थेट स्वयंपाकघरात गेला आणि चहा उकळेपर्यंत आमच्या पांढऱ्या भिंतीवर पिंगळा उतरला. आमचे हे बँकेतले, शिस्तीचे. भिंतीकडे बघून त्यांनी चहा दोनदा पुसला. म्हणजे चहा प्यायले आणि दोनदा तोंड पुसलं. पण काही बोलले नाहीत, कारण त्या पिंगळ्याची नजर त्यांच्यावर होती.

मी काय केलं? सुतार बोलावून त्या पिंगळ्याभोवती लाकडी चौकट आणि काच बसवून घेतली. पुढच्या वर्षी लहानू आला, काचेसमोर बराच वेळ उभा राहिला.

"ह्याला कोंडलास कशाला?"

"टिकावं म्हणून."

"आमची जाई दिवाळीला कूड सारवते," तो म्हणाला. "दर साली. तू बघितलंयस."

बघितलं होतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ओरडून तिचा हात धरला होता. अख्खा डोंगर, सगळे पक्षी, शेणाच्या एका पट्ट्याखाली एकेक करून जात होते. "सोड गो," जाई म्हणाली होती. "डोंगर पावसात हिरवा व्हतो ना? मंग भिंतीनेच काय म्हणून जळकं राहायचं?" त्या कुडाच्या लिंप्यात अशी किती सालं एकावर एक निजली होती, कोणास ठाऊक.

त्या दिवाळीला मी काच उतरवली आणि माझ्या हाताने पिंगळ्यावर चुना फिरवला. डोळ्यांपाशी आले तेव्हा हात थांबला होता. मार्चात लहानू आला, कोरी भिंत बघितली, आणि पहिल्यांदा मला न विचारता माझ्या घरात पाय पसरून बसला. मग नवा काढला.

गेल्या श्रावणात तो गेला. उताराच्या खाली आता बंगल्यांचे प्लॉट पडलेत, शनिवारी गाड्या येतात, वणवा लागला की लोक फोन धरून उभे राहतात. दिवाळीला जाईने कूड सारवला. या साली तो तसाच कोरा आहे. मी गेले होते बघायला. आम्ही दोघी त्याच्याकडे पाठ करून चहा प्यायलो.

पण मला लहानू दिसतो तो त्याआधीच्या मार्चातला. दोन वर्षांपासून त्याची नजर जवळजवळ गेली होती, ऑपरेशनाचा उपयोग झाला नव्हता. वणवा होऊन दोन दिवस झाले होते. माझे गुडघे आणि त्याचे डोळे, अशी आमची वरात प्लॉटच्या रस्त्याने रिक्षा जाईल तिथपर्यंत गेली, आणि पुढे त्याचा हात माझ्या खांद्यावर. सपाटीवर पोचल्यावर त्याने वाकून जमिनीला हाताची मागची बाजू लावली. मग दगडावर बसला आणि म्हणाला, "सांग."

मी सांगायला लागले. सावकाश, कारण मला चुकायचं नव्हतं. "वरच्या कड्याला कारवीचा आहे, वाऱ्याने अर्धा उडालाय. त्याच्या खाली ऐन, तीन. सालीच्या भेगांत राख अडकलीय. डावीकडे पळस. खालचा अंगभर भाजलाय, पण वर फुलं आहेत, आणि जी खाली पडली ती एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने पळसाचाच कोळसा. ठूठावर कोतवाल आहे. आता उडाला. परत तिथेच बसला."

तो मान हलवत होता. त्याची बोटं मांडीवर काहीतरी काढत होती.

डोक्यावरून टिटवी ओरडत गेली. ओरडणं वाढत गेलं, आमच्या भोवती फिरायला लागलं.

"अंडी घातलीत तिने," लहानू म्हणाला. "कुठं हायेत?"

मी बसल्या जागेवरून बघितलं. मग उठले, चष्मा पुसला, एकेक पाऊल तपासून टाकत आजूबाजूला फिरले. खडे, राख, खडे. ती इथेच कुठेतरी होती, वीतभरावर, हे त्या ओरडण्यावरून कळत होतं. बराच वेळ गेला. लहानू तोंड माझ्याकडे करून वाट बघत होता. त्याला ती अंडी पाहिजे होती, त्या वर्षीच्या भिंतीसाठी. दोन म्हटलं असतं, चार म्हटलं असतं, त्याला कुठे दिसणार होतं?

मी परत येऊन त्याच्या शेजारी बसले.

"असतील, दादा. ती ओरडतेय म्हणजे असतीलच. पण मी पाहिली नाहीत."

 त्याची ती अर्धी भुवई वर गेली, तो चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या पहाटेसारखा तोंडभर हसला, आणि म्हणाला,

"आता तुझी साक्ष धरली तरी चालंल, बाय."